वेदनेसह जगताना : दीर्घकालीन दुखणे आणि मानसशास्त्रीय साहाय्य

आमच्या बाह्यरुग्ण विभागात कंबर, मान, गुडघे किंवा डोके वर्षानुवर्षे दुखत असलेले अनेक रुग्ण येतात. तपासण्या होतात, औषधे दिली जातात, भौतिकोपचार सुरू होतात. आणि मग एखाद्या दिवशी डॉक्टर सुचवितात, ‘आपल्या मानसशास्त्रज्ञांनाही एकदा भेटून या.’ त्या क्षणी रुग्णाचा चेहरा उतरतो. पुष्कळजण काही बोलत नाहीत. जे बोलतात त्यांचा प्रश्न मात्र एकच असतो : ‘म्हणजे माझे दुखणे खोटे आहे, असे तुम्हांला वाटते का?’

प्रस्तुत लेख या प्रश्नाचे सविस्तर उत्तर म्हणून लिहिला आहे. थोडक्यात उत्तर असे, की दुखणे पूर्णपणे खरे आहे आणि ते खरे आहे म्हणूनच त्यासाठी शरीर व मन या दोन्ही बाजूंनी साहाय्य द्यावे लागते. आमचे देणगीदार, विश्वस्त आणि विशेषतः रुग्णांचे कुटुंबीय यांना या साहाय्याचे स्वरूप नीट समजावे, एवढाच आमचा हेतू आहे.

१. वेदना म्हणजे काय?

वेदना म्हणजे इजेचे मोजमाप, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. जखम मोठी तर वेदना मोठी, जखम भरली की वेदना संपली. पाय मुरगळणे, दात दुखणे, शस्त्रक्रियेनंतरचे दुखणे अशा तात्कालिक वेदनेबाबत ही समजूत बऱ्याच अंशी खरी ठरते. परंतु तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या किंवा पुन्हा पुन्हा उद्भवणाऱ्या वेदनेस वैद्यकशास्त्र ‘दीर्घकालीन वेदना’ म्हणते, आणि तेथे हा हिशेब जुळत नाही.

आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेने १९७९ साली वेदनेची व्याख्या केली व २०२० साली ती सुधारली. वेदना हा केवळ संवेदनेचा नव्हे, तर भावनेचाही अनुभव आहे, हे या व्याख्येचे सार आहे. ऊतींना प्रत्यक्ष इजा झालेली असो वा नसो, रुग्ण ‘दुखते आहे’ असे सांगतो तेव्हा त्या सांगण्याचा आदर केला पाहिजे, असेही संघटनेने त्यासोबत नमूद केले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०२२ पासून अमलात आली. तीत दीर्घकालीन वेदनेला स्वतंत्र स्थान मिळाले असून, काही प्रकारांत ती दुसऱ्या आजाराचे लक्षण नसून स्वतःच एक आजार असते, हे मान्य झाले आहे.

यामागील शास्त्र समजून घेण्यास १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक व पॅट्रिक वॉल यांनी मांडलेला ‘द्वार-नियंत्रण सिद्धांत’ उपयोगी पडतो. शरीराकडून येणारे वेदनेचे संदेश मेंदूपर्यंत जसेच्या तसे पोहोचत नाहीत. मज्जारज्जूत जणू एक दार असते. ते कधी अधिक उघडते, कधी अर्धवट मिटते, आणि त्याच्या उघडझापीवर मेंदूकडून खाली येणाऱ्या संदेशांचाही प्रभाव असतो. लहान मूल पडले की आई तो भाग चोळते, फुंकर घालते आणि मुलाचे लक्ष दुसरीकडे वेधते. मुलाचे रडे थांबते ते केवळ लाडाने नव्हे. चोळण्याच्या संवेदनेने व लक्ष वळल्याने ते दार काही अंशी खरोखरच मिटते. पुढील संशोधनाने या सिद्धांतात अनेक दुरुस्त्या केल्या, तरी त्याचा गाभा टिकून आहे.

दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर काम केलेले अमेरिकन डॉक्टर हेन्री बीचर यांनी १९४६ साली एक निरीक्षण प्रसिद्ध केले. गंभीर जखमी झालेल्या सैनिकांपैकी बहुसंख्यांना वेदनाशामक औषध नको होते. त्या सैनिकांसाठी जखमेचा अर्थ रणभूमीतून सुटका आणि घरी परतणे असा होता, असे बीचर यांचे अनुमान होते. तेवढीच जखम घरी बसलेल्या माणसाच्या दृष्टीने संकट ठरते. इजेचा अर्थ बदलला की वेदनेचा अनुभवही बदलतो.

याउलट, आत फारशी हानी नसतानाही वेदना तीव्र असू शकते. चोर आल्यावर राखणीचा कुत्रा भुंकतो, ते त्याचे कामच आहे. पण चोर निघून गेल्यावरही तो रात्रभर पानांच्या सळसळीवर भुंकत राहिला, तर त्याचे भुंकणे खोटे म्हणता येत नाही. त्याची सावधता मात्र गरजेपेक्षा वाढलेली असते. दीर्घकालीन वेदनेत अनेकदा मज्जासंस्थेचे असेच होते. कुत्र्याला हाकलून द्यायचे नाही, त्याला हळूहळू शांत व्हायला शिकवायचे, हे पुढील सर्व उपचारांचे सूत्र आहे.

२. भीती आणि विश्रांतीचे चक्र

नवी मुंबईच्या संदर्भात एक उदाहरण घेऊ. हे कोणा एका रुग्णाचे वर्णन नाही. आपल्या परिसरात वारंवार दिसणारी परिस्थिती येथे एका व्यक्तीच्या रूपाने मांडली आहे.

मुंबईतील घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने तुर्भे-वाशी येथे आले, आणि त्यांच्याबरोबर माथाडी कामगारांची वस्तीही कोपरखैरणे, घणसोली परिसरात वाढली. सातारा-सांगलीकडून आलेली ही कष्टकरी मंडळी. १९६९ च्या माथाडी कायद्याने त्यांना संरक्षण दिले, पण पाठीवरचे ओझे पाठीवरच राहिले. कांदा-बटाटा बाजारात वीस-बावीस वर्षे गोणी वाहिलेल्या एका गृहस्थांची कंबर एके दिवशी धरते. आठ दिवस विश्रांती घेऊन ते पुन्हा कामावर जातात, पुन्हा कंबर धरते. एमआरआय काढला जातो. अहवालात ‘मणक्यांमधील चकतीची झीज’ असे शब्द येतात आणि ते मनात घर करतात.

येथे एक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. काहीही दुखत नसलेल्या लोकांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार वीस वर्षे वयाच्या सुमारे ३७ टक्के आणि ऐंशी वर्षे वयाच्या सुमारे ९६ टक्के व्यक्तींच्या चकत्यांत झीज दिसते. म्हणजे केस पिकावेत तशी ही झीज वयाबरोबर येते. ती कधी वेदनेचे कारण असते, पुष्कळदा नसते. पण हे त्या गृहस्थांना कोणी सांगितलेले नसते. ‘मणका झिजला, आता वाकलो तर मोडेल’ असा अर्थ ते लावतात.

यानंतरचा क्रम ठरलेला असतो. भीतीमुळे हालचाल कमी होते. हालचाल कमी झाल्याने स्नायू दुर्बळ व ताठर होतात. मग थोड्या श्रमानेही दुखते, आणि ‘बघा, मी म्हणत होतो ना’ अशी भीतीची खात्री पटते. रात्रीची झोप उडते. झोप नसली की दुसऱ्या दिवशी दुखणे अधिक जाणवते. माथाड्यांच्या टोळीची मजुरी कामाच्या मापाने येते व सर्वांत वाटली जाते. त्यामुळे ‘आपण टोळीवर भार झालो’ ही बोच कमरेच्या कळेहून तीव्र असते. पाहुणे-रावळे बंद होतात, गावची जत्रा चुकते, माणूस चिडचिडा होतो. एखाद्या दिवशी बरे वाटले, तर साचलेली सारी कामे ते एकाच दिवसात उरकतात आणि पुढचे तीन दिवस अंथरुणाला खिळतात. भीतीतून टाळणे व टाळण्यातून अपंगत्व, हे चक्र योहान व्लायेन व स्टीव्हन लिंटन या अभ्यासकांनी २००० साली सविस्तर मांडले. आपल्या बाह्यरुग्ण विभागात ते आम्हांला रोज दिसते. संगणकासमोर बसणाऱ्या तरुणाच्या मानेत आणि स्वयंपाकघरात उभ्या राहणाऱ्या गृहिणीच्या गुडघ्यांतही त्याची गती तीच असते.

३. साहाय्याची अंगे

मानसशास्त्रीय साहाय्य म्हणजे केवळ धीर देणे नव्हे. ते एक शिक्षण आहे. त्याची मुख्य अंगे अशी :

(अ) समजावणे. वरील सर्व माहिती रुग्णाला व कुटुंबीयांना त्यांच्या भाषेत, घाई न करता सांगणे, ही उपचाराची पहिली पायरी. ‘दुखते म्हणजे मोडते आहे’ हा समज दूर झाल्यावाचून पुढचे पाऊल पडत नाही.

(आ) मात्रेने हालचाल. औषधाची जशी मात्रा असते, तशीच हालचालीचीही असावी. या विचाराचा पाया सिॲटल येथील मानसशास्त्रज्ञ विल्बर्ट फोर्डाइस यांनी घातला. त्यांचा ग्रंथ १९७६ साली प्रसिद्ध झाला. रुग्णाने दुखणे वाढेपर्यंत काम करू नये आणि दुखणे थांबेपर्यंत पडूनही राहू नये. थांबण्याची वेळ दुखण्याने नव्हे, घड्याळाने ठरवावी. समजा, तीन दिवस चालून पाहिले आणि त्रास न वाढता अनुक्रमे दहा, सहा व आठ मिनिटे चालता आले. सरासरी आठ मिनिटे झाली. प्रारंभ त्याहून थोडा कमी, म्हणजे सहा मिनिटांनी करावा. दिवस बरा असो वा वाईट, सहाच मिनिटे चालावे आणि दर दोन-तीन दिवसांनी एक मिनिट वाढवावे. बऱ्या दिवशी थांबणे हे वाईट दिवशी चालण्यापेक्षाही कठीण असते, असा आमचा अनुभव आहे.

(इ) विचारांची तपासणी. कळ आली की मनात वाक्ये उमटतात : ‘आता आपले काही खरे नाही’, ‘हे मला सहनच होणार नाही’. ही वाक्ये वेदनेइतकीच आपोआप येतात आणि वेदना वाढवितात. त्यांची तपासणी करणे हे बोधात्मक-वर्तन उपचारांचे काम. या विचारधारेतील एक प्रवर्तक अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. महाराष्ट्राचे भाग्य असे, की कि. मो. फडके यांच्यासारख्या अभ्यासकाने ती मराठी वाचकांपर्यंत पोहोचविली. अंजली जोशी यांच्या ‘मी अल्बर्ट एलिस’ या कादंबरीने ती अनेक घरांत नेली. शेजारच्या ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या पुढाकाराने १९९० साली सुरू झालेल्या मानसिक आरोग्य संस्थेनेही विवेकनिष्ठ विचारांचा सातत्याने प्रसार केला आहे. या पद्धतीत इच्छा आणि हट्ट यांत भेद केला जातो. ‘दुखू नये’ ही इच्छा अगदी रास्त आहे. ‘दुखताच कामा नये, नाहीतर जगण्यात अर्थ नाही’ हा हट्ट माणसाला दुसऱ्यांदा घायाळ करतो. रुग्णाने हळूहळू स्वतःशी असे बोलायला शिकावे : ‘दुखते आहे, ते मला आवडत नाही, तरीही आज नातवाला शाळेपर्यंत सोडून येणे मला जमण्यासारखे आहे.’

(ई) शिथिलीकरण व सजगता. संथ श्वसन, एकेक स्नायू ताणून सैल सोडणे, आणि आलेल्या संवेदनेकडे झगडा न करता पाहणे यांचा सराव रुग्णांकडून करवून घेतला जातो. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या रुग्णालयात अशा सरावाचा कार्यक्रम सुरू केला. औषधोपचारांनी पुरेसा गुण न आलेले दीर्घकालीन वेदनेचे रुग्ण त्यात होते. त्याची मुळे आशियातील ध्यानपरंपरांत आहेत, आणि आपल्याकडे इगतपुरीमुळे विपश्यनेचे नाव परिचित आहे. विपश्यनेचे आचार्य सत्यनारायण गोयंका हे स्वतः तीव्र अर्धशिशीने त्रस्त होऊन १९५५ साली ब्रह्मदेशात सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले होते. केवळ डोकेदुखी घालविण्यासाठी ही साधना नाही, असे गुरूंनी त्यांना प्रथमच बजावले होते. आमच्या रुग्णांनाही आम्ही तेच सांगतो. वेदना घालविण्यासाठी डोळे मिटून बसलात, तर दर मिनिटाला ‘गेली का?’ असे विचाराल, आणि ती जाणार नाही.

(उ) झोप व दिनक्रम. उठण्याची वेळ निश्चित ठेवणे, दिवसा अंथरुणावर न लोळणे, आनंद देणारे एखादे काम रोज थोडे तरी करणे हे साधे वाटणारे नियम प्रत्यक्षात फार उपयोगी ठरतात.

४. आनंदवनातील एक धडा

दुखण्यासह जगणे म्हणजे काय, याचे महाराष्ट्राला परिचित असे एक उदाहरण आहे. बाबा आमटे (१९१४–२००८) यांना पाठीच्या कण्याच्या विकाराने ग्रासले होते. त्यांना बसता येत नसे. ते उभे असत किंवा आडवे. असे असूनही १९८५ साली, सत्तरी ओलांडलेली असताना, त्यांनी कन्याकुमारी ते काश्मीर ‘भारत जोडो’ अभियान काढले. तरुण सायकलींवर होते आणि बाबा सोबतच्या वाहनात आडवे होऊन प्रवास करीत होते.

या उदाहरणाचा सोपा अर्थ काढू नये, अशी आमची विनंती आहे. ‘बाबांना जमले, तुम्हांला का जमू नये?’ असे रुग्णाला म्हणणे हा त्याच्यावर अन्याय आहे. आम्हांला जाणवते ते वेगळे. बाबांनी कणा बरा होण्याची वाट पाहिली नाही, आणि कण्याला काहीच झालेले नाही असे सोंगही केले नाही. शरीराने घातलेली मर्यादा मान्य करून त्यांनी कामाची रचना तिच्याभोवती बसविली. बसता येत नाही, तर आडवे राहून प्रवास. त्यांच्याभोवती साधनाताई होत्या, सहकारी होते, आणि उठण्यास कारण ठरेल असे कार्य होते. स्वीकार हा शब्द आम्ही उपचारांत वापरतो तो याच अर्थाने. स्वीकार म्हणजे हार नव्हे.

आणखी एक गोष्ट मनात येते. कुष्ठरोगात हातापायांची संवेदना जाते. चटका बसला तरी कळत नाही, आणि न कळलेल्या जखमांनी बोटे झडतात. ज्यांची वेदना हरपली होती अशांमध्ये, ज्यांची वेदना थांबत नव्हती असा एक माणूस राहत होता. वेदना अजिबात नसणे हेही सुख नव्हे, हे तेथे प्रत्यक्ष दिसत होते.

५. कुटुंबीयांसाठी

घरच्यांकडून दोन प्रकारच्या चुका होतात, आणि दोन्ही मायेपोटी वा थकव्यापोटी होतात. पहिली, अतिकाळजी. ‘अहो, तुम्ही उठू नका, मी देते’ असे पत्नी दिवसातून वीस वेळा म्हणते. हेतू प्रेमाचा असतो; परिणाम असा, की त्या गृहस्थांच्या हातून पाण्याचा पेलाही सुटतो आणि त्याबरोबर घरातील त्यांचे स्थानही. दुसरी, अविश्वास. ‘रिपोर्ट तर नॉर्मल आहेत, मग एवढे काय?’ असे मुलगा म्हणतो. अविश्वास दिसला, की रुग्णाला आपले दुखणे सिद्ध करावेसे वाटते, आणि सिद्ध करण्याच्या भरात ते अधिक जाणवू लागते.

मधला मार्ग असा आहे. दुखणे खरे आहे, हे एकदा स्पष्ट शब्दांत सांगावे. त्यानंतर ‘आज किती दुखते?’ असे सतत विचारण्याऐवजी ‘आज काय काय केलेत?’ असे विचारावे. जे जमले त्याची दखल घ्यावी. जमण्यासारखी कामे काढून घेऊ नयेत. भाजी निवडणे, हिशेब लिहिणे, नातवंडांचा अभ्यास घेणे ही कामे त्यांच्याकडे असू द्यावीत. आणि रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्यानेही स्वतःसाठी थोडा वेळ काढावा. तोही माणूसच आहे.

६. मर्यादा

या उपचारांविषयी अवाजवी आशा निर्माण करणे योग्य नाही. प्रौढांमधील दीर्घकालीन वेदनेसाठीच्या मानसशास्त्रीय उपचारांचा कॉक्रेन या संस्थेने २०२० साली आढावा घेतला. त्यात ७५ अभ्यास आणि ९,४०१ रुग्ण समाविष्ट होते. बोधात्मक-वर्तन उपचारांनी वेदना, दैनंदिन असमर्थता व मानसिक क्लेश यांत घट होते, मात्र ती सरासरीने अल्प असते, असा त्याचा निष्कर्ष आहे. आम्ही तो लपवीत नाही. दहा वर्षे ज्या दुखण्याने झोपू दिले नाही, त्यातील अल्प घटसुद्धा कोणाला पुन्हा बाजारात हिशेबनिसाचे काम करू देते, कोणाला गावच्या जत्रेस जाऊ देते. सरासरीच्या आकड्यामागे अशी माणसे असतात.

काही दक्षता आवश्यक आहेत. पायांतील शक्ती अचानक कमी होणे, लघवी वा शौचावरील ताबा सुटणे, ताप, कारण नसताना वजन घटणे किंवा पूर्वी कर्करोग झालेला असणे, अशा परिस्थितीत समुपदेशनाची वाट न पाहता तातडीने डॉक्टरांना दाखवावे. चालू औषधे परस्पर बंद करू नयेत. तसेच दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या वर्षानुवर्षे घेऊ नयेत, कारण जठर व मूत्रपिंडे यांना त्यांनी इजा होऊ शकते. दीर्घ वेदनेसोबत नैराश्य वारंवार आढळते. ‘यापेक्षा नसलेले बरे’ असे शब्द रुग्णाच्या तोंडी आले, तर ते त्रागा म्हणून सोडून देऊ नयेत. २०२२ पासून केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे.

समारोप

रुग्णालयास मिळालेल्या देणगीतून एखादे यंत्र आले, तर त्यावर दात्याच्या नावाची पाटी लावता येते. मानसशास्त्रज्ञाने एका रुग्णासोबत घालविलेल्या पाऊण तासावर पाटी लावता येत नाही. तो पाऊण तास कोठे जमा झाला, हे आठवड्यांनी कळते. सहा मिनिटे चालणारे गृहस्थ वीस मिनिटे चालू लागतात, आणि घरी पाण्याचा पेला स्वतः उठून घेतात. विश्वस्त मंडळाने या न दिसणाऱ्या कामाकडेही यंत्रांइतक्याच आस्थेने पाहावे, अशी आमची नम्र अपेक्षा आहे.

आणि ज्यांच्या मनात अजूनही तो प्रश्न असेल, त्या रुग्णबंधुभगिनींना पुन्हा एकदा सांगतो : आपले दुखणे खरे आहे. आम्ही त्यावर विश्वास ठेवतो. म्हणूनच आपल्याला भेटू इच्छितो.